डलहौसीचे टिपण आणि रूझवेल्टचा कालवा

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापलाय तो असा : 'खंबीर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि अमेरिकेचा विस्तार'. त्यातला 'खंबीर' हा शब्द आमचा नाही. पण बरे झाले छापला, कारण आमचे भांडण त्या शब्दाशीच आहे.

हे रूझवेल्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले फ्रँकलिन नव्हेत. हे आधीचे, 1901 ते 1909 या काळातले. हळू बोला पण हातात जाड सोटा ठेवा, ही म्हण ज्यांच्या तोंडी बसली ते. कारकीर्द संपायला दीड-दोन महिने उरले असताना, जानेवारी 1909 मध्ये, वॉशिंग्टनच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांनी भाषण केले आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची मनापासून तारीफ केली. इंग्रज आज निघून गेले तर या देशात रक्तपात आणि बजबजपुरी माजेल, असा त्याचा आशय होता. त्या दिवशी टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षांच्या शिक्षेचे पहिले वर्ष काढत होते.

आता बघा, ज्या कारभाराची ही तारीफ झाली त्यात आपला भंडारा जिल्हाही होताच. तो त्यात कसा गेला? रूझवेल्टांकडे जाण्याआधी तिकडे एक फेरी मारून यावी लागेल, कारण आमच्या मते पनामाची किल्ली तिथेच सापडते.

11 डिसेंबर 1853. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. औरस मुलगा नाही. भंडारा त्यांच्याच राज्यात, वैनगंगेच्या मुलुखाचे मुख्य ठाणे लांजीहून इथे येऊन तीसेक वर्षे झालेली. गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. त्याने दीड महिन्यात, 28 जानेवारी 1854 ला, एक लांबलचक टिपण लिहिले आणि राज्य खालसा केले. लढाई नाही, वेढा नाही. एक कागद.

हा कागद वाचण्यासारखा आहे. डलहौसी काही घाईघाईने लिहिणारा माणूस नव्हता. आधी तो हक्क सिद्ध करतो. म्हणणे असे : 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर हे राज्य आम्ही जिंकले होते, ते आम्हीच रघूजीला दिले, आता घेणाऱ्याचा वंश संपला, देणगी देणाऱ्याकडे परत. ऐकायला वकिली थाटाचे, चोख. पण 1818 मध्ये आप्पासाहेबांना काढून हा रघूजी गादीवर बसला तो कसा? तो दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा. परसोजीच्या विधवेने त्याला दत्तक घेतले आणि इंग्रजांनी त्याला मान्यता दिली. म्हणजे विधवेच्या दत्तकाने जी गादी चालू झाली, तीच पस्तीस वर्षांनी राजाने दत्तक घेतला नाही म्हणून बंद! नात्यातल्या यशवंतरावाने उत्तरक्रिया केली, राण्यांनी त्याला दत्तक मानले. कागदाने मानले नाही.

हक्क सिद्ध झाला की टिपणाचा सूर बदलतो. मग येतात फायदे. सुमारे 80 हजार चौरस मैलांचा मुलूख, चाळीस लाखांवर लोक, चाळीस लाखांचा वसूल. निजामाच्या राज्याला घेर पडतो. मुंबई-कलकत्ता सलग जोडता येते. आणि कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला आणि स्वस्त कापूस हवा, तो वऱ्हाडात आणि त्याला लागून असलेल्या नागपूरच्या भागात पिकतो, हे तो आडपडदा न ठेवता लिहितो. वऱ्हाड तर निजामाकडून 1853 मध्येच काढून घेतले होते. आमच्याकडे पिकतो धान. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, त्यांच्या पाण्यावरचा धान. कापसासाठी निघालेल्या गाडीत आम्ही वैनगंगाकाठचे धानवाले आयतेच बसवले गेलो, आम्हाला कोण विचारतो! पुढे 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात सारा गोळा करणारा पाटील मालगुजार झाला, गावाचा मालक झाला आणि गावाने खपून बांधलेला तलावही त्याच्या नावावर चढला. 'माजी मालगुजारी तलाव', आपले 'मामा तलाव', हे नाव अजून सरकारी दप्तरात चालते. डलहौसीच्या कागदाची ही आपल्या शिवारातली खूण.

आता पनामा. 1846 मध्ये अमेरिकेने कोलंबियाशी (तेव्हाचे नाव न्यू ग्रॅनडा) करार केला. पनामाच्या पट्टीवरून रहदारी मोकळी राहावी आणि त्या पट्टीवर कोलंबियाची सत्ता अबाधित राहावी, याची हमी अमेरिकेने दिली. ऑगस्ट 1903 मध्ये कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा नवा करार फेटाळला. 3 नोव्हेंबरला पनामात बंड झाले. अमेरिकेची युद्धनौका आदल्या दिवशीच कोलोन बंदरात हजर. कोलंबियाच्या फौजेला बंड मोडायला जाऊ दिले नाही, आणि त्यासाठी आधार कोणता दाखवला? तोच 1846 चा करार, रहदारी मोकळी ठेवण्याचा. तीन दिवसांत मान्यता. 18 तारखेला करार, दहा मैल रुंद पट्टा कायमचा अमेरिकेच्या ताब्यात, बदल्यात एक कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख. पनामाच्या वतीने सही केली ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने. पनामाचे लोक वॉशिंग्टनला पोचायच्या आत सही होऊन गेली होती.

दोन्ही ठिकाणी दुबळ्याच्या रक्षणासाठी लिहिलेला कागद दुबळ्यावरच उलटवला गेला. म्हणून 'खंबीर' या शब्दाला आमचा आक्षेप. तो शब्द आला की आपण माणसाच्या छातीकडे बघतो, मिशांकडे बघतो, कागदाकडे बघत नाही. रूझवेल्टांनी स्वतः 1911 मध्ये सांगून टाकले की आपण कालव्याचा पट्टा घेतला आणि वाद घालायचे काम काँग्रेसवर सोडले. टाळ्या पडल्या असतील.

फरकही मान्य करू. रूझवेल्टांना सिनेट होते, वर्तमानपत्रे होती, त्यांच्यावर कडाडून टीका करणारे अमेरिकनच होते. पुढे 1921 मध्ये अमेरिकेने कोलंबियाला अडीच कोटी डॉलर मोजले. डलहौसीच्या कौन्सिलात विरोधी सूर लावणारा मुख्यतः एक, कर्नल जॉन लो. उभी हयात संस्थानांत काढलेला माणूस. त्याने आपल्या टिपणात लिहिले की माळव्यात लोक आपल्याला विचारत होते, साताऱ्याच्या राजाने असा कोणता गुन्हा केला होता? सातारा 1848 मध्ये गेले होते. लोचे ऐकले गेले नाही. नागपूरच्या वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जडजवाहीर विकायला कलकत्त्याला गेले. आमचे वैयक्तिक मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात वाचण्यासारखा लेखक लोच आहे, डलहौसीची भाषा कितीही रेखीव असो.

इथे टाळ्या वाजवू नका. कारण पुढचे आपल्याबद्दल आहे. ज्या भोसल्यांसाठी आपण हळहळतो, त्याच घराण्यातल्या पहिल्या रघूजीने 1742 पासून भास्करराम कोल्हटकरांना फौज देऊन बंगालवर पाठवले. चौथाईचा हक्क हा त्यांचा कागद. भास्करराम 1744 मध्ये अलीवर्दीखानाकडून दग्याने मारले गेले हे आपल्याला पाठ असते. त्याआधी त्यांच्या स्वारांनी गावेच्या गावे जाळली, ते मात्र आपण 'अटकेपार'च्या उत्साहात सोडून देतो. 1751 मध्ये ओरिसा मिळाला, वर बारा लाख चौथ ठरली. बंगालमध्ये आजही आया लेकरांना बर्गी येईल म्हणून निजवतात. तो बर्गी म्हणजे आपला बारगीर. नागपूरहून पूर्वेकडे निघालेली ती घोडी ओरिसा-बंगालला गेली, तिथल्या शेतकऱ्याला कुणी विचारले होते? रूझवेल्टांच्या मिशांवर हसायचे आणि रघूजीच्या मिशांना पीळ द्यायचा, हे आम्हाला जमत नाही.

यशवंतरावाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. 1857 नंतर इंग्रजांनी त्याला जानोजी या नावाने भोसल्यांचा वारस मानले, राजेबहादूर असा किताब दिला आणि साताऱ्याकडचे देऊर गाव दिले. जो दत्तक राज्यासाठी चालला नाही, तो गावासाठी चालला.