मुख्यालय मुंबईत, खासदार गुजरातचे : स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्र शाखेची सुरुवात

आज आपण एका हरलेल्या पक्षाबद्दल बोलणार आहोत, आणि त्या पक्षाच्याही सगळ्यात कमजोर शाखेबद्दल. पक्ष म्हणजे राजाजींचा स्वतंत्र पक्ष, आणि शाखा आपली, महाराष्ट्राची.

आधी एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला, तो नागपूरच्या अधिवेशनात. त्या ठरावाला उत्तर म्हणून ४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली. मग १ आणि २ ऑगस्टला पूर्वतयारीची परिषद भरली, ती मुंबईत. पक्षाची मध्यवर्ती कचेरी मुंबईत. सरचिटणीस मिनू मसानी मुंबईचे. म्हणजे भांडणाचं कारण नागपूरचं आणि भांडणाऱ्याचं घर मुंबईत. एवढं सगळं आपल्या अंगणात घडलं, आणि निकाल काय? १९६२ च्या महाराष्ट्र विधानसभेत स्वतंत्र पक्षाचे आमदार शून्य. १९६७ मध्ये पुन्हा शून्य.

आता १९६७ हे साल या पक्षाचं सर्वोत्तम साल होतं, हे विसरू नका. लोकसभेत ४४ खासदार. शेजारच्या गुजरात विधानसभेत १६८ पैकी ६६ आमदार. ओडिशात तर मुख्यमंत्रीच त्यांचा. आणि मुंबईकर नेते कुठून निवडून आले ते बघा : मसानी राजकोटहून, पिलू मोदी गोध्र्याहून. नारायण दांडेकर हे माजी आय.सी.एस. अधिकारी, आडनाव अस्सल मराठी, तेही जामनगरहून. मुख्यालय मुंबईत, खासदार गुजरातचे.

हे असं का झालं? याची तीन उत्तरं साधारणपणे दिली जातात. ती तपासून बघू.

पहिलं उत्तर : हा राजेरजवाड्यांचा पक्ष होता आणि महाराष्ट्रात तसे राजे नव्हते. राजस्थानात गायत्रीदेवी होत्या, बिहारमध्ये रामगढचे राजे होते, ओडिशात सिंगदेव होते. आपल्याकडे रयतवारी, लहान-मध्यम शेतकरी, त्यामुळे पक्षाला आधार मिळाला नाही. ऐकायला हे पटतं. पण गुजरातच्या मोठ्या भागातही रयतवारीच होती ना? तिथे काही राजघराणी आणि क्षत्रिय सभेची मंडळी पक्षात आली हे खरं, पण कणा होता तो खेड्यातल्या पाटीदार शेतकऱ्याचा. तो शेतकरी आपल्या नगर-साताऱ्याच्या बागायतदाराचा भाऊ शोभावा असा. मग तिथे जमलं ते इथे का नाही? राजांच्या अभावाने याचं उत्तर मिळत नाही.

दुसरं उत्तर : विरोधी पक्षाची जागाच रिकामी नव्हती. काँग्रेसवर नाराज असलेला शेतकरी शेतकरी कामगार पक्षाकडे जात होता. यात तथ्य आहे. १९६२ मध्ये शेकापचे १५ आमदार आले, १९६७ मध्ये १९. पण जागा भरलेली असणं ही अडचण प्रत्येक नव्या पक्षाला असते. त्या अडचणीशी शाखा कशी भिडली, हा खरा प्रश्न आहे.

तिसरं उत्तर : भांडवलदारांचा पक्ष म्हणून बदनामी झाली. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आपण काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहोत. बदनामी झाली, खरंच झाली. पण तीच बदनामी गुजरातेतही होती. देणगीदार तेच, नेते तेच, जाहीरनामा तोच.

तेव्हा ही तिन्ही उत्तरं मातीला दोष देतात. आमचं म्हणणं असं की थोडा दोष पेरणाऱ्यालाही द्यायला हवा. दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट वेळेची. ऑगस्ट १९५९ मध्ये मुंबईत परिषद भरली तेव्हा हे राज्य द्वैभाषिक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं मेली होती. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं होतं. पुढच्या वर्षी १ मे ला राज्य मिळायचं होतं. चावडीवर, गिरणीच्या फाटकावर, चाळीच्या गॅलरीत माणसं एकच विषय बोलत होती. आणि नव्या पक्षाची भूमिका काय? पक्षाने २१ मूलभूत तत्त्वं जाहीर केली होती. त्यातलं शेवटचं तत्त्व फार महत्त्वाचं आहे : या तत्त्वांच्या कक्षेत न येणाऱ्या कुठल्याही प्रश्नावर सदस्याला आपापलं मत ठेवायची पूर्ण मोकळीक.

तत्त्व म्हणून हे सुंदर आहे. पक्षादेशाच्या नावाखाली माणसाची जीभ कापली जाते, त्यावरचा हा उतारा. आम्हाला तर आजही हे वाचून हेवा वाटतो. पण शाखा बांधणाऱ्या कार्यकर्त्याच्या जागी उभे राहून बघा. तो कऱ्हाडला किंवा लातूरला पहिली सभा घेतो. पहिला प्रश्न येणार : मुंबईचं काय? बेळगावचं काय? त्याचं उत्तर : याबाबत पक्षात प्रत्येकाला स्वतःचं मत आहे. झालं, सभा संपली! त्यातून पक्षाच्या अग्रभागी कन्हैयालाल मुन्शी. मुंबई महाराष्ट्रात जाण्याला विरोध करणाऱ्यांत त्यांचं नाव मराठी माणसाला चांगलं माहीत होतं. ज्या प्रश्नावर माणसं तुरुंगात जाऊन आली, तो प्रश्न ज्या पक्षाच्या तत्त्वांत बसतच नाही, तो पक्ष त्या माणसांना आपला कसा वाटावा?

दुसरी गोष्ट शब्दाची. पक्ष उभा राहिला तो सहकारी शेतीच्या भीतीवर. नागपूरच्या ठरावात जमीन एकत्र कसायची होती. मालकी हक्क शेतकऱ्याकडेच राहील असं ठरावात म्हटलं होतं, पण एकदा बांध मोडला की मालकी कागदावरच उरेल, ही राजाजी-रंगांची शंका होती. शंका वाजवी होती. पण महाराष्ट्रात 'सहकार' म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येत होतं? लोणीचा प्रवरा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला, १९५०-५१ पासून ऊस गाळणारा. तिथे शेतकऱ्याने भागभांडवल दिलं होतं, जमीन दिली नव्हती. बांध शाबूत होता आणि वर कारखान्यात वाटा होता. अशा माणसाला तुम्ही सांगताय की सहकार तुझी जमीन गिळेल. तो म्हणणार, अहो, माझं तर घर झालं त्यातून!

इथे शाखेचं काम सुरू व्हायला हवं होतं. एकत्र शेती वेगळी आणि कारखाना वेगळा, हे आधी कबूल करायचं. मग पुढे विचारायचं : तुझा ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे तू ठरवतोस का? पुढे झोनबंदी म्हणून जो प्रकार शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसला, त्याचं बीज इथेच होतं. साठच्या दशकात ज्वारी आणि भाताची एकाधिकार खरेदी आली, धान्य जिल्ह्याबाहेर नेायला बंदी आली. राजाजी ज्याला परमिट-लायसन्स-कोटा राज म्हणत, ते खेड्यात असं दिसत होतं : नाक्यावर अडवलेली बैलगाडी. सिद्धान्त हाताशी होता, उदाहरण दाराशी होतं. तरीही या पक्षाची महाराष्ट्रातली ओळख नाक्यावरच्या बैलगाडीशी कधी जोडली गेली नाही. ती कारखानदाराच्या परवान्याशीच जोडलेली राहिली.

गुजरातशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे भाईलालभाई पटेल होते, लोक त्यांना भाईकाका म्हणत. पेशाने इंजिनिअर. पक्ष निघण्याच्या दहा-बारा वर्षं आधीच त्यांनी वल्लभ विद्यानगर वसवलं होतं. पक्ष त्यांच्याकडे आला तेव्हा पत त्यांची होती, पक्षाची नव्हती. आपल्याकडे अशी पत कमावलेली माणसं नव्हती का? भरपूर होती, पण ती यशवंतराव चव्हाणांनी ओढून घेतली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावातल्या कर्त्या माणसाला सत्तेची शिडी घराजवळच मिळाली. चव्हाणांनी शाखा वरून खाली बांधली नाही, खालच्या माणसाला वर यायची वाट करून दिली. स्वतंत्र पक्षाकडे २१ तत्त्वं होती, वाट नव्हती.

आता आमच्याच म्हणण्यावर आक्षेप घेऊ. तुम्ही म्हणाल, भाषा सापडली असती तर पक्ष वाढला असता, हे कशावरून? ती भाषा पुढे शरद जोशींना सापडली. १९८० चं चाकणचं कांदा आंदोलन, मग नाशिकचं ऊस आणि कांद्याचं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा. विचार बराचसा राजाजींच्याच घराण्यातला, पण शेतकऱ्याच्या बोलीत आणि त्याच्या हिशेबाच्या वहीत बसणारा. लाखो माणसं रस्त्यावर आली. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, नावातच वारसा सांगितला. आणि २००४ च्या विधानसभेत त्या पक्षाचा आमदार एक, राजुऱ्याचे वामनराव चटप. मग भाषेने काय साधलं?

आक्षेप बरोबर आहे, आणि त्याने आमचं म्हणणं आटोपशीर होतं. भाषा ही पहिली पायरी. ती नसेल तर गावात कुणी उभं करत नाही. दुसरी पायरी म्हणजे मतदारसंघ : उमेदवार, जात, बूथ, दोन निवडणुकांमधली पाच वर्षं. शेतकरी संघटना पहिल्या पायरीवर भक्कम होती, पण पुढाऱ्यांवर विश्वास ठेवू नका असं तिनेच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मग एक दिवस आम्हीच पुढारी म्हटल्यावर लोक गोंधळले. संघटना दुसऱ्या पायरीवर घसरली. स्वतंत्र पक्षाची महाराष्ट्र शाखा पहिलीच पायरी चढली नाही. ही दोन अपयशं वेगळी आहेत. त्यांची एकच मोट बांधून 'उदारमतवाद आपल्या मातीत रुजत नाही' असा निष्कर्ष काढणं हा आळस आहे.

आणि या आळसाची किंमत आहे. १९७४ मध्ये स्वतंत्र पक्ष भारतीय लोक दलात विलीन झाला. महाराष्ट्र शाखेने मात्र विलीन व्हायला नकार दिला. शून्य आमदारांची शाखा, सगळे निघून गेल्यावर दिवा लावून बसली! पुढे १९८९ मध्ये कायदा बदलला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. जे मानत नाही त्यावर सही करणार नाही, असं म्हणत याच शाखेच्या मंडळींनी नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. मतं मिळवता न आलेल्या या माणसांनी एक साधा प्रश्न विचारला : लोकशाहीत एखाद्या विचाराला निवडणुकीत हरण्याचा तरी हक्क आहे की नाही? तुम्ही समाजवादी असा वा नसा, हा प्रश्न तुमचाही आहे. कारण उद्या शपथेतला शब्द बदलू शकतो.

आज छोटे पक्ष निघतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रदेशाध्यक्ष नेमला जातो, लेटरहेड छापलं जातं, जिल्हावार व्हॉट्सॲप गट होतात. जाहीरनामा दिल्ली-मुंबईतून तयार येतो. हे सगळं लागतंच, आम्ही हसत नाही. फक्त त्या मंडळींनी एकदा स्वतंत्र पक्षाची ही शाखा आठवावी आणि पहिल्या सभेत येणारा पहिला प्रश्न आधीच लिहून काढावा. त्याचं उत्तर आपल्या तत्त्वांत नसेल, तर प्रदेशाध्यक्ष नंतर नेमला तरी चालेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.