डब्यात घातलेल्या गिरण्या

सिनेमावर बंदी म्हटलं की आपल्याला आधी पोलीस आठवतो. पण ज्यानं पैसा दिला, कॅमेरा दिला, त्यानंच सिनेमा डब्यात घातला तर? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात हेच झालं. देनी आर्काँनं १९७० साली तिथल्या कापडगिरण्यांवर 'ऑं ए ओ कोतों' हा अनुबोधपट केला. पैसा सरकारी, राष्ट्रीय फिल्म बोर्डाचा. १९७१ मध्ये बोर्डाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनीच तो अडवला. सुटला १९७६ मध्ये.

असं होतं तरी काय त्यात? बॉम्ब नाही, क्रांतीची आरोळी नाही. मागांचा कान फाडणारा खडखडाट, कापसाची धूळ, बंद पडणाऱ्या गिरण्या, थकलेली माणसं. नावाचा अर्थ 'आम्ही कापसात आहोत', आणि तिकडच्या बोलीत 'आता पुरे झालं, जीव विटला'. त्यातच मादलेन पारां आणि केंट राउली हे जुने युनियनवाले १९४६ च्या व्हॅलीफील्डच्या संपाबद्दल बोलतात. द्युप्लेसी सरकारनं पोलीस घातले, अश्रुधूर सोडला, तरी कामगारांनी करार पदरात पाडून घेतला.

सिनेमा निराश करतो, असा आक्षेप कुणी घेईल. मला तो पटत नाही. थकलेल्या माणसाच्या तोंडी घोषणा कोंबली नाही, हाच त्याचा प्रामाणिकपणा. नुसत्या थकव्याला मालक भीत नाही. 'आपण एकदा जिंकलो होतो' ही आठवण त्या थकव्याशेजारी आणून बसवली, की त्याचं धाबं दणाणतं.

पण गिरणीचा असा इतिहास बघताना आपण आणखी एक विचारलं पाहिजे: चौकटीबाहेर कोण राहिलं? मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव. तिथंच पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार चळवळीचा इतिहास सांगणारे किती जण हे पान उघडतात? दाबायला दर वेळी सरकारच लागतं असं नाही. आपल्यातलेच नुसते गप्प बसले तरी भागतं.

क्वेबेकमध्ये बंदी असतानाही चोरून प्रती निघाल्या, लोकांनी जमून पाहिल्या. आपल्या वस्तीत गिरणीत राबलेली म्हातारी माणसं अजून आहेत. खिशात मोबाइल आहे ना? जा, विचारा: कुठल्या खात्यात घेतलं, कुठल्या दारातून परत लावलं? रेकॉर्ड करा. कुठल्या बोर्डाच्या पैशाची वाट बघू नका.