आगकाड्यांचा त्रिकोण आणि डुगडुगणारे बाक

अरविंद गुप्ता यांच्या ‘मॅचस्टिक मॉडेल्स’ या पुस्तकातले मुख्य साहित्य म्हणजे आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाशी या पुस्तकाचे नाते आहे. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. कारण तीन बाजू ठरल्या की कोनही ठरतात. चौकोनाला कर्ण जोडला की तोही ताठ उभा राहतो. विज्ञान हाताला कळते, आकृतीचे सौंदर्य डोळ्यांना. उणीव एकच : कृती आयती मिळते, अडचण मात्र मुलांची स्वतःची नसते. म्हणून शिक्षकांनी आधी वर्गातले डुगडुगणारे बाक दाखवावे. तिरकी पट्टी कोठे ठोकायची, हे मुलांना काड्या जोडून शोधू द्यावे. पुस्तक त्यानंतर उघडावे.