९८ टक्के अचूकता आली, मग पुढे?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय. सातारा, कराड, सांगली, मिरज इकडच्या मुलांचे जे मसुदे वाचायला मिळतात, त्यात एक विषय हमखास असतो: डीप लर्निंगने कर्करोगाचं निदान. तयार डेटासेट डाउनलोड करायचा, मॉडेल ट्रेन करायचं, ९८ टक्के अचूकता आली की झालं. विषय वाईट नाही. पण निदान बरोबर आलं म्हणजे माणूस वाचतो, हे आपण न तपासताच धरून चालतो. ते तपासणारा एक अभ्यास आपल्यापासून फार लांब झालेला नाही.

उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. जत-आटपाडी किंवा माण-खटावसारखाच कोरडवाहू मुलूख. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी यांनी मिळून १९९९ मध्ये तिथे काम सुरू केलं. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका घेतल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे पातळ व्हिनेगर लावून पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाची तपासणीच नाही.

२००५ चा निबंध आधी वाचा. कर्करोगाच्या गंभीर पूर्वावस्था किती सापडल्या? व्हीआयए ०.७ टक्के, पॅप १.०, एचपीव्ही ०.९. फरक जवळपास नाहीच. काम इथेच थांबलं असतं, तर 'तिन्ही सारख्याच, स्वस्त ती घ्या' असं कुणीही म्हटलं असतं.

आता शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांचा २००९ चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला निबंध घ्या. आठ वर्षं माग काढून मृत्यू मोजलेत. तपासणी नसलेल्या गटात ६४, व्हीआयए ५६, पॅप ५४, एचपीव्ही ३४. गट साधारण सारख्याच आकाराचे, ३१ ते ३४ हजारांचे. म्हणजे मृत्यूचा धोका खरोखर उतरला तो एकाच गटात, जवळपास निम्म्यावर. बाकी दोघांतला फरक सांख्यिकीदृष्ट्या टिकत नाही. 'सापडले किती' आणि 'वाचले किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या सिनॉप्सिसमध्ये बहुतेक वेळा पहिलाच असतो.

अजून एक आकडा बघा. व्हीआयएत १४ टक्के बायका पॉझिटिव्ह निघाल्या. म्हणजे हजारात १४० जणींना पुढे तपासायचं, आणि गंभीर काही निघणार सात जणींत. जतहून मिरजेला एसटीने यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, घरी बोलणी खावी लागतात ती वेगळीच. तुमच्या मॉडेलच्या कन्फ्यूजन मॅट्रिक्समधला 'फॉल्स पॉझिटिव्ह'चा चौकोन म्हणजे हाच खर्च आहे.

निबंधावर माझे दोन आक्षेप आहेत. तमिळनाडूत दिंडिगुलला व्हीआयएच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. इथे तसं का झालं नाही, याचं पटेल असं उत्तर इथे मिळत नाही. दुसरा जास्त गंभीर. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना तपासणी मिळाली नाही. तेव्हा भारतात खेडोपाडी तपासणी नव्हतीच, म्हणून हा गट न्याय्य, असं समर्थन केलं जातं. पण तपासणी उपयोगी पडते हे बाहेरच्या देशांतल्या अनुभवातून तेव्हाही माहीत होतं. या रचनेवर पुढे जाहीर वाद झाला, तो मुळातून वाचा. एथिक्स कमिटीपुढे बसाल तेव्हा कामाला येईल.

आणि एवढं होऊन २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी निवडली व्हीआयएच. यंत्र नको, निकाल जागेवर, खर्च कमी, कारणं कळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीची शिफारस केली. ज्या मातीत पुरावा उगवला, तिथल्या बाईला चाचणी मात्र दुसरीच.

तुमच्या विषयाला खरी जागा इथे आहे. व्हीआयए करणाऱ्या नर्सबाईला मोबाइलवरच्या मॉडेलने मदत झाली, तर ते १४० किती कमी होतील? त्या सातातली एखादी निसटेल का? मिरज-कराडला रेडिएशनची सोय आहे. पण पॉझिटिव्ह आलेली आटपाडीची बाई तिथवर किती दिवसांत पोचते, आणि ते तुम्ही मोजणार कसं? अचूकतेच्या रकान्याखाली हा एक रकाना वाढवा आणि मसुदा गाइडना दाखवा. ते 'हे कसं जमणार?' म्हणतील. म्हणू द्या.