गायतोंडे, वासुदेव संतू

(२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). आधुनिक भारतीय अप्रतिरूप चित्रकलेतील अग्रगण्य चित्रकार. जन्म नागपूर येथे. घराणे मूळचे गोव्याचे. जडणघडण मात्र मुंबईत, गिरगावच्या चाळीत झाली. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द ते पसंत करीत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अमूर्त म्हटले, की एखादी मूर्त वस्तू आधी होती आणि चित्रकाराने तिच्यातून काही वगळत नेऊन तिचे सार उरविले, असा अर्थ निघतो. गायतोंडे यांच्या प्रगल्भ चित्रांत अशी आधीची वस्तूच नाही. त्यांचा आरंभ रंगापासून होतो व शेवटही रंगातच होतो. तथापि या भूमिकेपर्यंत ते एका दिवसात पोहोचले नाहीत. तो मार्ग सु. बारा वर्षांचा असून त्याची पहिली पावले, आश्चर्य वाटेल, पण आकृतिप्रधान भारतीय लघुचित्रांतच पडलेली आहेत.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. त्या काळी या संस्थेत पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षणाच्या जोडीने भारतीय पद्धतीच्या चित्रणाचाही वर्ग चालत असे. जगन्नाथ अहिवासी यांनी हा वर्ग नावारूपास आणला होता, तर शंकर पळशीकर यांच्यासारखे विचक्षण कलावंत परंपरेचा नव्याने अर्थ लावू पाहत होते. या वातावरणात गायतोंडे यांचे लक्ष जैन पोथीचित्रे व बसोली शैलीची लघुचित्रे यांकडे गेले. त्यांच्या सुरुवातीच्या, कागदावरील चित्रांत सपाट व तेजस्वी रंगक्षेत्रे, ठाशीव बाह्यरेषा, मोठ्या डोळ्यांच्या मानवाकृती असा सर्व परिवार आढळतो. अशी चित्रे त्या काळात अनेकांनी काढली. गायतोंडे यांचे वेगळेपण त्यापुढच्या पावलात आहे. लघुचित्रातील आकृती मनाने बाजूला सारून मागे उरणाऱ्या रंगांचे परस्परप्रमाण पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला. लाल क्षेत्राला पिवळ्याने किती जागा द्यावी, हिरव्याची एक पट्टी कोठे थांबावी, हा विचार कथानकापासून वेगळा काढता येतो हे त्यांना तेथे उमगले. त्यांच्या वस्तुनिरपेक्षतेचे मूळ न्यूयॉर्कमध्ये शोधणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

फ्रान्सिस न्यूटन सोझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी १९४७ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ची स्थापना केली. त्यांपैकी काहींनी परदेशी प्रयाण केल्यानंतर, १९५० च्या सुमारास, कृष्ण खन्ना, मोहन सामंत यांच्याप्रमाणे गायतोंडेही या मंडळाशी निगडित झाले. मंडळाचा आवेश, त्याचे जाहीरनामे व वादविवाद त्यांच्या प्रकृतीला फारसे मानवणारे नव्हते. ते मितभाषी होते, आणि समूहापेक्षा स्वतःच्या खोलीत रमणारे होते. या काळात त्यांना पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कृतींचा, बहुधा मुद्रित प्रतिकृतींतूनच, परिचय झाला. क्लेची बालसुलभ रेषा, रंगांच्या चौकटींची घडण व चित्राला एखाद्या वनस्पतीसारखे आतून वाढू देण्याची वृत्ती या तिन्हींचे पडसाद १९५०–५६ या काळातील त्यांच्या चित्रांत उमटलेले आहेत. आकृती अजून आहेत, पण त्या रेषेच्या खेळात विरू लागल्या आहेत. क्लेचा प्रभाव आपल्यावर पडला असे म्हणण्यापेक्षा त्याच्या कल्पनाशक्तीशी आपले नाते जुळले, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. ती मान्य करण्यास हरकत नाही. कारण क्लेचा गाभा ठेवून त्याची लकब त्यांनी लवकरच टाकून दिली. १९५७ मध्ये टोकिओ येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक लाभले.

यानंतरचा टप्पा मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेशी जोडलेला आहे. समुद्राला लागून असलेल्या या वास्तूत चित्रकारांच्या कार्यशाळा होत्या, इब्राहिम अल्काझी यांची नाट्यसंस्था होती आणि रविशंकरांचे संगीतविद्यालयही होते. एका छपराखाली इतक्या कला नांदल्याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात क्वचितच सापडेल. गायतोंडे यांना भारतीय व पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओढ होती. चित्रपटांचेही ते चोखंदळ प्रेक्षक होते. १९५८ ते १९६३ या काळात येथे त्यांच्या चित्रांतून रेषा मावळली, आकृती लोपली आणि रंगाच्या आडव्या, पारदर्शक पटलांनी चित्रचौकट व्यापली. अनेक समीक्षकांना या चित्रांत समुद्र, क्षितिज, सांजप्रकाश दिसला. प्रेक्षकाचे मन अशा वेळी ओळखीचे काही शोधते हे स्वाभाविकच होय. पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना दरी, झाडी व आकाश एकाच राखी रंगात मिसळून जातात, तो अनुभव असलेल्या महाडकडच्या वाचकाला त्यांच्या करड्या चित्रांपुढे ते धुकेच आठवेल. आठवण चुकीची नाही. पण तिच्यावर थांबल्यास चित्र हातचे सुटते. घाटातल्या धुक्यामागे दरी असतेच, ती थोड्या वेळाने उघडी पडते. गायतोंडे यांच्या रंगपटलामागे दुसरे रंगपटल असते आणि त्यामागे तिसरे. तेथे निसर्गाचे रूप नसून निसर्गाच्या घडण्याची रीत आहे, एवढेच फार तर म्हणता येईल.

१९६३ मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्झ मुंबईस आले असता गायतोंडे यांच्या चित्रांनी विलक्षण प्रभावित झाले. पुढील वर्षी रॉकफेलर निधीच्या अधिछात्रवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले व १९६५ पर्यंत तेथे राहिले. अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिली. तेव्हापासून त्यांचे नाव मार्क रॉथ्कोच्या नावाशी जोडण्याचा प्रघात पडला असून तो अद्याप चालू आहे. हे साम्य वरवरचे आहे. पहिली गोष्ट कालक्रमाची : वस्तुनिरपेक्ष चित्रे ते अमेरिकेस जाण्यापूर्वी काही वर्षे काढीत होते आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात असलेले त्यांचे चित्र १९६२ मधील आहे. दुसरी गोष्ट घडणीची. रॉथ्कोचे रंग प्रेक्षकाच्या अंगावर येतात, त्याला वेढतात; त्यांत एक करुण नाट्य आहे. गायतोंडे यांचा रंग प्रेक्षकाकडे येत नाही, स्वतःपाशी थांबून राहतो. प्रेक्षकाने जवळ जावे, अशी त्याची अपेक्षा असते. अमेरिकेतील वास्तव्याने त्यांना दिले ते बहुधा आत्मविश्वास आणि मोठ्या आकाराचे धैर्य. त्यानंतरच्या वर्षांत आडव्या चौकटीची जागा उभ्या चौकटीने घेतली व क्षितिजाचा उरलासुरला भासही त्यामुळे नाहीसा झाला. वस्तुतः हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे; आडवी चौकट डोळ्याला भूदृश्याची सवय लावते, उभी चौकट माणसाच्या उंचीशी बोलते.

त्यांच्या चित्रनिर्मितीची पद्धती हाच त्यांच्या कलेचा खरा गाभा होय. कुंचल्याचा वापर त्यांनी जवळपास सोडून दिला आणि रंगाचा रूळ व रंगसुरी ही साधने स्वीकारली. कुंचला हाताची लकब उघड करतो. रूळ ती पुसून टाकतो. पातळ केलेल्या तैलरंगाचा एक थर रुळाने पसरावयाचा, तो काही अंशी वाळू द्यावयाचा, मग सुरीने खरवडून खालचा रंग उघडा करावयाचा, पुन्हा वरून दुसरा पारदर्शक थर द्यावयाचा, असा हा क्रम चाले. पुढे कागदाचे फाडलेले तुकडे रंगात भिजवून पृष्ठभागावर ठेवून उचलण्याचे तंत्रही त्यांनी वापरले. त्यातून चित्रलिपीसारख्या भासणाऱ्या, परंतु कोणत्याही लिपीत न वाचता येणाऱ्या खुणा उमटत. त्या यदृच्छेने पडल्यासारख्या दिसतात. मात्र कोणती खूण ठेवावयाची व कोणती पुन्हा रंगाखाली गाडावयाची, याचा निर्णय कठोर असे. यदृच्छा आणि संयम यांचा हा समतोल भारतीय चित्रकलेत इतक्या उंचीवर दुसऱ्या कोणी साधलेला नाही. या रीतीने काम करणाऱ्याचे उत्पादन अल्प असणार, हे उघडच आहे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत. प्रत्यक्ष रंगविण्यापेक्षा रिकाम्या चित्रफलकापुढे बसण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. चित्रांना त्यांनी शीर्षके दिली नाहीत.

त्यांच्या प्रेरणांचा विचार करताना झेन तत्त्वज्ञान, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज व जे. कृष्णमूर्ती यांची नावे हटकून घेतली जातात. या विचारांविषयी त्यांना खरी आस्था होती आणि आपल्या विरळ मुलाखतींतून मौन हेच निर्मितीचे उगमस्थान असल्याचे त्यांनी सूचित केले आहे. तथापि यावरून त्यांची चित्रे म्हणजे ध्यानधारणेची दृश्य टाचणे होत, असे जे सर्रास लिहिले जाते ते ग्राह्य वाटत नाही. अशा लेखनात चित्रकाराचा योगी होतो आणि चित्र पाहावयाचे राहून जाते. वस्तुनिरपेक्ष चित्रातून अध्यात्माचा आशय काढणे म्हणजे ज्या कथानकाला चित्रकाराने दाराबाहेर ठेवले, त्याला खिडकीतून आत घेणेच होय. झेनचा संस्कार शोधावयाचाच, तर तो कार्यपद्धतीत शोधावा : थांबण्याची तयारी, हातून आपोआप घडणाऱ्या गोष्टीबद्दलचा आदर आणि स्वाक्षरीचा अहंकार चित्राच्या दर्शनी भागावर न आणण्याची वृत्ती. लघुचित्रांपासून मिळालेले रंगप्रमाणाचे भान, क्लेपासून मिळालेला वाढीचा विचार आणि झेनपासून मिळालेला धीर, हे तीन धागे त्यांच्या प्रगल्भ चित्रांत एकत्र विणले गेले आहेत. त्यांपैकी पहिला धागा सर्वांत जुना असून समीक्षेत तोच सर्वांत उपेक्षित राहिला आहे.

या चित्रांबाबत एक व्यावहारिक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. छापील प्रतिकृतीत ती जवळजवळ नष्ट होतात. थरांची खोली, पोताचा खरखरीतपणा व प्रकाश बदलला की रंगात होणारे सूक्ष्म फेर कागदावर उतरत नाहीत; उरतो तो एक पिवळा किंवा तपकिरी आयत. महाड-पोलादपूरसारख्या गावांतील, किंबहुना मुंबई-दिल्ली वगळता महाराष्ट्रातील व देशातील बहुसंख्य जिज्ञासूंना ती प्रतिकृतींतूनच भेटतात, आणि अशी चित्रे आपल्याला कळत नाहीत असा त्यांचा ग्रह होतो. दोष त्यांच्या रसिकतेचा नसतो. हुसेन यांचा घोडा पोस्टकार्डावरही घोडाच राहतो. गायतोंडे यांचे चित्र पोस्टकार्डावर राहत नाही.

१९७१ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. १९७२ मध्ये त्यांनी मुंबई सोडली व दिल्लीतील निजामुद्दीन भागातील एका छोट्या निवासात ते राहू लागले. अविवाहित, एकाकी आणि लौकिकाविषयी उदासीन असे त्यांचे हे जीवन होते. सत्तरच्या दशकातील चित्रे त्यांच्या कलेचा परमोत्कर्ष मानली जातात. त्यांतील पिवळ्या, नारिंगी व हिरव्या छटांचे संयमित तेज हे रंगद्रव्यापेक्षा प्रकाशाच्या जवळ जाते. १९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या रस्त्यावरील अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि मोठ्या चित्रफलकांवर काम करणे पुढे काही वर्षे त्यांना शक्य झाले नाही. या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. ही रेखाटने गौण समजण्याची चूक होऊ नये. ज्या रेषेला त्यांनी तीस वर्षांपूर्वी निरोप दिला होता, ती येथे परतली आहे. मात्र आता ती कशाचीही बाह्यरेषा नाही. मध्य प्रदेश शासनाचा ‘कालिदास सन्मान’ त्यांना १९८९ मध्ये लाभला. नंतर त्यांनी पुन्हा तैलरंग हाती घेतले, परंतु नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चित्रनिर्मिती थांबली. गुडगाव येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी संप्रदाय निर्माण केला नाही, तरी त्यांचा प्रभाव दूरवर पोहोचला. भुलाभाई संस्थेत त्यांच्या सहवासात आलेल्या नसरीन मोहमदी (१९३७–९०) यांनी वस्तुनिरपेक्षतेचा धडा घेऊन रंगाऐवजी केवळ रेषेची वाट धरली. गुरूची शैली न उचलता गुरूची शिस्त उचलण्याचे हे उत्तम उदाहरण होय. अकोल्याचे अंबादास (१९२२–२०१२) हे त्यांचे समकालीन. त्यांच्या वाहत्या, वळणाऱ्या रंगप्रवाहांशेजारी गायतोंडे यांची स्थिरता अधिकच उठून दिसते. पुढच्या पिढीत प्रभाकर कोलते यांनी क्ले व पळशीकर यांच्या मार्गे रंगाच्या स्वायत्ततेचा शोध चालू ठेवला, तर रायगड जिल्ह्यातील नागावचे प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांनी वस्तू न सोडता तिच्याभोवतीचा अवकाशच चित्रविषय केला. बरवे यांनी आपली विचारप्रक्रिया कोरा कॅनव्हास (१९९०) या ग्रंथात सविस्तर मांडली; गायतोंडे यांनी असे काही लिहिले नाही, आणि त्यांच्याविषयीच्या आख्यायिका वाढण्यास हेही एक कारण झाले.

मरणोत्तर त्यांची कीर्ती झपाट्याने वाढली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले. सतीश नाईक यांनी संपादिलेला गायतोंडे हा ग्रंथ २०१६ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्रास २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली, तर २०२५ मध्ये १९७० मधील एका चित्रास सु. ६७ कोटी रुपये मिळाले. या आकड्यांनी त्यांचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर नेले. चित्रे मात्र अधिकाधिक खाजगी संग्रहांत गेली. नवी दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संग्रहांत त्यांची चित्रे आहेत.