'सूर्यमालेबाहेर' म्हणजे नेमकं कुठे?

'व्हॉयेजर सूर्यमालेबाहेर गेलं' हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. आज आपण या वाक्याचीच झाडाझडती घेऊ.

पहिली हरकत सरळ आहे. सूर्याच्या गुरुत्वाला बांधलेला ऊर्ट मेघ अजून खूप पुढे आहे. तिथे पोचायलाच यानाला काही शतकं लागतील. यान बाहेर पडलं ते सौरवाऱ्याने फुगवलेल्या बुडबुड्यातून, म्हणजे हेलिओस्फिअरमधून.

दुसरी हरकत जास्त महत्त्वाची: हे कळलं कसं? व्हॉयेजर १ वरचं सौरवारा मोजणारं उपकरण १९८० मध्येच बंद पडलं होतं. २५ ऑगस्ट २०१२ ला, सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास १२२ पट दूर, आतल्या बाजूचे ऊर्जावान कण एकाएकी घटले आणि आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण वाढले. पण चुंबकीय क्षेत्राची दिशा? ती बदलायला हवी होती, असं बहुतेकांचं गणित होतं. ती जवळजवळ तशीच राहिली! मग वर्षभर वाद चालला.

निकाल लागला तो सूर्याच्या कृपेने. मार्च २०१२ मधल्या सौरस्फोटांचा धक्का एप्रिल २०१३ मध्ये यानापर्यंत पोचला आणि तिथला प्लाझ्मा थरथरला. त्या कंपनांवरून घनता काढता आली: घन सेंटिमीटरमागे सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन, बुडबुड्याच्या आतल्यापेक्षा चाळीसेक पट जास्त. सप्टेंबर २०१३ मध्ये नासाने घोषणा केली.

आता आमची टीका. घोषणेत घनता ठळक राहिली, न वळलेलं चुंबकीय क्षेत्र मागे पडलं. ५ नोव्हेंबर २०१८ ला व्हॉयेजर २ सुमारे ११९ पट अंतरावर बाहेर पडलं. त्याचं उपकरण चालू होतं, त्यामुळे सौरवारा संपताना थेट दिसला. आणि चुंबकीय क्षेत्र? याही वेळी फारसं वळलं नाही. म्हणजे निष्कर्ष बरोबर होता, पण सीमा ओळखायची आपण ठरवलेली एक खूणच चुकीची निघाली. बातमीत सांगण्यासारखी गोष्ट खरं तर ही होती.

फळाला दोन ठिकाणी सुई टोचली म्हणून अख्खी साल कळत नाही. आपल्याकडे आजवर दोनच सुया आहेत. यश सांगताना एवढं तरी सांगायला हवं, असं आम्हाला वाटतं.