चालू मालिका आणि प्रेक्षकाचा अभिप्राय

आपल्या समीक्षेचा एक मूलभूत संकेत असा आहे की, परीक्षण करावयाचे ते पूर्ण झालेल्या कृतीचे. कादंबरीचे शेवटचे पान मिटल्यावर, नाटकाचा शेवटचा पडदा पडल्यावर टीकाकाराचे काम सुरू होते. आदी, मध्य आणि अंत या तिन्हींचा परस्परसंबंध तपासल्यावाचून कृतीच्या घाटाविषयी बोलता येत नाही, हे ॲरिस्टॉटलपासून आपण मानीत आलो आहो, आणि ते बव्हंशी योग्यही आहे. परंतु आज मराठी घरांत ज्या कथनप्रकाराविषयी सर्वांत अधिक बोलले जाते, त्याला हा संकेत लागूच पडत नाही. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका पाहणारा मनुष्य तिच्याविषयीचे आपले मत ती चालू असतानाच देतो. आज रात्रीचा भाग संपतो न संपतो तोच उद्याच्या भागाविषयी तो तर्क बांधतो, आजच्या भागातील सुनेचे वागणे शेजारणीशी बोलून तोलून पाहतो, आणि लेखकाला दोष देऊनही दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी पुन्हा दूरचित्रवाणीपुढे येऊन बसतो. या अभिप्रायाला समीक्षा म्हणावे काय, आणि म्हणावयाचे झाल्यास ती कोणत्या कोटीतील, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुशिक्षित वर्तुळात या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते: मालिकाच जेथे सामान्य, तेथे तिच्यावरील गप्पांना काय किंमत? हे उत्तर सोयीचे असले तरी बरोबर नाही. कृती कनिष्ठ असली म्हणून तिच्यावर मत देण्याची क्रिया कनिष्ठ ठरत नाही. शिवाय, अपूर्ण कृतीवर मत देण्याची ही रीत दूरचित्रवाणीने आणलेली नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ 1885 मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून येत राहिली आणि 1893 मध्ये ग्रंथरूप पावली. म्हणजे यमूच्या कथेचा पहिला वाचक तिचा शेवट जाणत नव्हता. तो आठवड्यामागून आठवडा थांबून पुढचे वाचीत होता. जर्मन समीक्षक व्होल्फगांग इझर यांनी एकोणिसाव्या शतकातील क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांविषयी असे निरीक्षण नोंदविले आहे की, तीच कादंबरी ग्रंथरूपात वाचण्यापेक्षा प्रकरणाप्रकरणाने वाचताना वाचकांना ती अधिक चांगली वाटे. त्याचे कारण उघड आहे. दोन प्रकरणांमधील अवकाश वाचकाची कल्पना भरून काढते, आणि त्या मर्यादेत तो कृतीचा सहकर्ता होतो. मालिकेचा प्रेक्षक जेव्हा ‘आता ती घर सोडून जाणार’ असे म्हणतो, तेव्हा तो हेच करीत असतो.

आपल्याकडील काव्यशास्त्रात तर प्रेक्षकाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे वर्गीकरण केले आहे. स्मित, हास्य, हळहळ, साधुकार, उभे राहणे, वस्त्रे वा मुद्रिका देणे ही सारी मानुषी सिद्धीची लक्षणे होत. प्रेक्षकांच्या अभिरुचीतील भेदही त्याने दुर्लक्षिलेला नाही: तरुण कशाने रंजतात, वृद्ध कशाने, अर्थलोलुप कशाने आणि विरक्त कशाने, हे त्याने सांगितले आहे. परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती त्याची प्राश्निकाची कल्पना. प्रयोगाविषयी मतभेद झाल्यास निर्णय देणाऱ्या प्राश्निकांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदाचा जाणकार, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक यांची गणना त्याने केली आहे. शस्त्र धरण्याची रीत योग्य की अयोग्य हे धनुर्धराने सांगावे, शृंगारोपचाराविषयी गणिकेचे मत घ्यावे, राजाच्या वागण्याविषयी राजाचे. पंडिताला एकट्याला सर्वाधिकार भरताने दिलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आजच्या मालिकेविषयी होणारे बोलणे थोडे लक्षपूर्वक ऐकले तर हे प्राश्निक आपल्याभोवतीच आहेत असे दिसून येईल. परिचारिका म्हणते की, शस्त्रक्रियेनंतरचा रोगी असा ताडकन उठून बसत नाही. वकिलाकडे कारकुनी केलेला गृहस्थ म्हणतो की, मृत्युपत्राची वासलात अशी एका सहीने लागत नसते. स्वयंपाकात आयुष्य गेलेली आजी विचारते, रात्री झोपताना अंगावर शालू आणि गळ्यात ठुशी घालून कोण निजते? ही विधाने विस्कळीत असतात, परंतु त्यांचे शास्त्रीय नाव ‘औचित्यविचार’ असेच आहे. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ज्या तत्त्वाला काव्याचे जीवित मानले, त्याच तत्त्वावर ही आजी बोट ठेवीत असते. तिला क्षेमेंद्र ठाऊक नाही, एवढाच फरक.

प्रेक्षकाचा अभिप्राय किती स्वतंत्र असू शकतो याचे भारतातील पहिले ठळक उदाहरण म्हणजे ‘हम लोग’. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिकांचा जो उपयोग केला होता, त्याच्या धर्तीवर ही मालिका आखण्यात आली. तत्कालीन मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिकोभेटीनंतर ही कल्पना पुढे आली असे सांगतात. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका जुलै 1984 ते डिसेंबर 1985 या काळात दूरदर्शनवरून सुमारे दीडशे भागांत दाखविली गेली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन त्या भागाचा मथितार्थ सांगत आणि प्रेक्षकांपुढे प्रश्न ठेवीत. प्रारंभीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाल्याने प्रेक्षक नाराज झाले आणि पुढे तो सूर सौम्य करावा लागला. या मालिकेच्या काळात सुमारे चार लाख पत्रे आल्याची नोंद तिच्या अभ्यासकांनी केली आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. मद्यपी बसेसररामची सोशिक पत्नी भागवंती ही मालिकाकारांनी असे चित्रित केली होती की, तिच्या दुःस्थितीवरून प्रेक्षकांनी स्त्रीच्या दास्याविषयी धडा घ्यावा. अनेक प्रेक्षकांनी, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, तो धडा घेतला नाही. त्यांनी भागवंतीलाच आदर्श मानले. यावरून प्रेक्षक मागासलेला होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु समीक्षकाने येथे अधिक खोल जावयास हवे. कथाकार जेव्हा एखाद्या पात्राला सर्वांत अधिक दुःख, सर्वांत अधिक धैर्य आणि सर्वांत अधिक करुणा देतो, तेव्हा वाचकाची सहानुभूती तिकडे जाणारच. मग शेवटी कितीही सुजाण निवेदक येऊन काहीही सांगो. प्रेक्षकांनी हेतू वाचला नाही, कृती वाचली. साहित्याच्या विद्यार्थ्याला आपण वर्गात जे शिकवितो, ते याहून निराळे काय आहे?

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका जानेवारी 1987 ते जुलै 1988 या काळात चालली आणि राज्याभिषेकापाशी थांबावयाची होती. उत्तरकांडाची कथाही दाखवावी, तीत वाल्मीकींना त्यांचे स्थान मिळावे, यासाठी जालंधरच्या सफाई कामगारांनी 1988 मध्ये संप केला. त्यांतील अनेकजण वाल्मीकींना आपले पूज्य मानणाऱ्या समाजातील होते. पुढे ती कथा दाखविण्यात आली. उत्तरकांड मूळ काव्याचे अंग की मागाहूनची भर, या प्रश्नावर पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. तोच प्रश्न येथे समाजाच्या अगदी वेगळ्या स्तरातून, वेगळ्या कारणासाठी विचारला गेला: कथा कोठे संपते, आणि ती तेथे संपविल्याने कोण कथेबाहेर राहते? अपूर्ण कृतीवरील अभिप्राय कृतीच्या घाटापर्यंत पोहोचू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या संपाचा विचार करावा.

मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर ‘रात्रीस खेळ चाले’चे घेता येईल. 2016 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत कोकणातील नाईकांच्या वाड्यावर अण्णांच्या मृत्यूने कथेस प्रारंभ झाला. भुताखेतांमुळे कोकणाची प्रतिमा मलिन होते, अंधश्रद्धेस खतपाणी मिळते, असे आक्षेप कोकणातूनच घेण्यात आले. 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वात मात्र कथा मागे गेली आणि अण्णांचे पूर्वायुष्य व शेवंता यांच्याभोवती फिरू लागली. अण्णांचा शेवट प्रेक्षकाला आधीच माहीत होता. त्यामुळे ‘पुढे काय’ या कुतूहलाची जागा ‘हे असे का झाले’ या कुतूहलाने घेतली, आणि पाहणाऱ्यांचे बोलणेही बदलले. अण्णा दुष्ट खरा, परंतु तो आकर्षक का वाटतो. शेवंता दोषी की बळी. माईच्या सहनशीलतेला पुण्य म्हणावे की दौर्बल्य, अशी चर्चा घरोघर झाली. खलपात्राच्या आकर्षणाचा हा प्रश्न शेक्सपिअरच्या नाटकांच्या संदर्भात आपण मोठ्या गांभीर्याने मांडतो. तो मालवणी बोलणाऱ्या पात्रांविषयी विचारला गेला म्हणून त्याचे मोल उणावत नाही.

अर्थात या अभिप्रायाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. पहिली मर्यादा अशी की, तो बहुतेक वेळा पात्रांच्या नैतिक न्यायनिवाड्यावर थांबतो. रचना, संवाद, गती यांकडे तो क्वचितच वळतो. दुसरी मर्यादा सवयीची. रोजच्या सहवासाने पात्रे नातलगांसारखी होतात आणि नातलगाविषयी निर्लेप मत देणे कोणास जमते? ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या काळात प्रेक्षकाच्या घरातील मुले शाळेतून महाविद्यालयात जातात. मालिका ही कृती न राहता दिनक्रम होते.

परंतु तिसरी मर्यादा प्रेक्षकाची नाही, ती त्याचे ऐकणाऱ्याची आहे. ‘हम लोग’च्या काळी मत पत्राने कळत असे, आणि पत्रात ‘कारण’ हा शब्द असे. पुढे ही जागा मापनयंत्राने घेतली. 2015 पासून ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिलने देशभर निवडलेल्या घरांत बसविलेल्या मीटरांवरून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचे आकडे काढण्यास प्रारंभ केला. मीटरला संच चालू आहे हे कळते. तो पाहणारी गृहिणी ‘किती ताणले आहे हो हे’ म्हणत पाहते आहे, हे त्याला कळत नाही. तिची नाराजी आणि दुसऱ्या कोणाची पसंती एकाच आकड्यात जमा होतात. मालिका वर्षानुवर्षे रेंगाळतात याचे खापर प्रेक्षकाच्या रुचीवर फोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, रुची ही कारणांसह व्यक्त होणारी गोष्ट आहे आणि आकड्याला कारणे नसतात.

आता आपल्या, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी भाषकांच्या दृष्टीने एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथील अनेक घरांत मुलांचे शिक्षण अन्य भाषांतून होते. मराठी पुस्तक त्यांच्या हाती येईलच असे नाही. आजीच्या शेजारी बसून मालिका मात्र पाहिली जाते. या मालिकांतील पात्रे ‘मी तुझी मदत करते’, ‘माझी मदत कर’ असे सर्रास बोलतात. मराठी रीत ‘तुला मदत करते’, ‘मला मदत कर’ अशी आहे. आमच्या बोलण्याला हिंदीमिश्रित म्हणून पुण्यामुंबईकडे कित्येक वर्षे हसे झाले. आज तेच मिश्रण मुंबईहून प्रमाण मराठी म्हणून आमच्या घरात येते, आणि ते ऐकताच ‘हे हिंदी झाले’ असे प्रथम म्हणणारी व्यक्ती पुष्कळदा इंदूरची वा ग्वाल्हेरची असते. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला सीमा कोठे ओलांडली गेली हे लौकर कळते. भाषेच्या बाबतीत भरताचा प्राश्निक हवा असेल तर तो येथे आहे.

आणि येथेच खरा धोका आहे. नातवंडे मालिका मराठीत पाहतात, परंतु तिच्यावरील मत हिंदीत वा इंग्रजीत देतात. कथा ऐकण्यापुरती भाषा उरणे आणि कथेविषयी भांडण्याइतकी भाषा उरणे यांत फार मोठे अंतर आहे. ‘ती वाईट आहे’ एवढे कोणत्याही तोडक्यामोडक्या भाषेत सांगता येते. ‘तिचे चुकले, पण तिच्या जागी असते तर मीही तेच केले असते’ हे सांगावयास भाषेचे संकेतार्थ, तिच्या मुरडी, तिच्यातील सौम्य विरोध यांची गरज लागते. अभिप्राय देण्याची सवय मोडली की भाषेचा विचार करण्याचा अवयव निकामी होतो. मग केवळ सणावाराचे शब्द आणि पदार्थांची नावे शिल्लक राहतात.

तेव्हा शिक्षकांनी आणि अकादमीच्या सभासदांनी काय करावे? मालिकांची भलावण करावी असे मुळीच सुचवावयाचे नाही. त्यांतील बहुतेक विस्मृतीत जातील आणि जावयासही हव्यात. परंतु विद्यार्थ्याने काल पाहिलेल्या भागाविषयी मत दिले की त्याला ‘का?’ एवढा एकच प्रश्न मराठीत विचारावा, आणि उत्तर मराठीत येईपर्यंत थांबावे. तसे का वाटते, पात्राच्या कोणत्या वाक्यावरून वाटते, पूर्वीच्या कोणत्या प्रसंगाशी ते विसंगत आहे, याचा शोध घेत घेत तो न कळत औचित्यापाशी, घाटापाशी, संवादाच्या भाषेपाशी येऊन पोहोचेल. तेथून हरिभाऊंच्या यमूकडे नेणारी वाट फार लांबची नाही. तीही एके काळी आठवड्याआठवड्याने वाट पाहिली गेलेली नायिका होती. आपल्या सभांतून पूर्ण झालेल्या ग्रंथांवर व्याख्याने होतात, ती व्हावीतच. परंतु घराघरांत रोज रात्री जी अपूर्ण समीक्षा बोलली जाते, तिला कारणे देण्याची शिस्त लावणे हेही अकादमीचेच काम आहे. ती समीक्षा मराठीत चालू आहे तोवरच ते करता येईल.